स्वर गाळून

बुधवारी दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी तिला स्वतःचं अक्षर वाचता आलं नाही. एकतीस वर्षांच्या नोकरीत हे पहिल्यांदा घडलं. तिनं वही लांब धरली, मग जवळ आणली, चष्मा पदरानं पुसला, खिडकीपाशी जाऊन पाहिलं. शब्द तसाच. एक जाड तिरकी रेघ, तिला जोडलेलं एक बारीक वळण. द आणि न. लघुलिपीत व्यंजनं लिहायची आणि स्वर गाळायचे. मिनिटाला एकशेवीस शब्द पकडायचे असतील तर कानामात्रेचे लाड परवडत नाहीत. गाळलेला स्वर मग शब्दाच्या जागेवरून ओळखायचा. ओळीच्या वर तरंगत असेल तर आ, ओळीवर टेकला असेल तर ए. वेगात ण आणि न यांच्यातला भेदही उरत नाही. म्हणजे वर असेल तर दान, टेकलेला असेल तर देणं. हा शब्द वरही नव्हता आणि टेकलेलाही नव्हता. केसभर अंतर होतं, आणि तेवढं अंतर पेन्सिलीच्या टोकाचंही असू शकतं. वाक्य होतं, ‘विद्यापीठाचं शिक्षण म्हणजे समाजाचं पुढच्या पिढीला द-न असतं. ते देताना हात आखडायचा नसतो आणि नंतर बोलून दाखवायचं नसतं.’ एरवी पुढचंमागचं वाक्य अर्थ हातात आणून ठेवतं. इथं दोन्ही बसत होते. तिनं दोन्ही ओठातल्या ओठात म्हणून पाहिले, आणि दोन्ही वेळा वाक्य सरळ उभं राहिलं.

साक्ष देणारे गृहस्थ एका महाविद्यालयाचे निवृत्त ग्रंथपाल होते. सरकारी समितीच्या सकाळच्या सुनावणीत ते शेवटी उठले, ध्वनिक्षेपकापासून दोन पावलं मागे उभे राहिले आणि पुस्तकांच्या खोलीत बोलावं तसे बोलले. विद्यापीठाचा खर्च कोणी करायचा, ज्याला पदवी मिळते त्यानं की सगळ्यांनी मिळून, एवढाच समितीपुढचा प्रश्न होता, आणि गेले चार महिने तो त्या लांब टेबलावर पाण्याच्या जगसारखा इकडून तिकडे सरकत होता. अर्थखात्याचे अधिकारी हसतमुख होते. त्यांनी ग्रंथपालांना विचारलं की पदवी एकाला मिळते, पगार त्याचा वाढतो, तर बस कंडक्टरनं त्याच्यासाठी दिवसभर तिकिटं का फाडावीत. ग्रंथपाल म्हणाले, ‘कंडक्टर आजारी पडला की डॉक्टर कोणाचा?’ टेबलाभोवती थोडा हशा झाला. त्या हसण्यातच ते पुढचं वाक्य बोलले, आणि त्याच क्षणी शेजारच्या लघुलेखकानं टेबलावर बोट वाजवलं. दोघं दहा-दहा मिनिटांच्या पाळीनं लिहीत. त्याला सगळे घड्याळ म्हणत, कारण त्याचं बोट दहाव्या मिनिटाला वाजायचंच, समोर जग बुडत असलं तरी. तिचा हात उचलता उचलता तो शब्द लिहिला गेला. घड्याळनं पुढच्या वाक्यापासून सुरुवात केली. मध्ये कोणीच नव्हतं.

तिनं ध्वनिमुद्रण ऐकलं. अकरा वेळा ऐकलं. त्या जागी अर्थखात्याचे अधिकारी ग्लासात पाणी ओतत होते. समाजाचं पुढच्या पिढीला, मग पाणी, मग असतं. घड्याळला विचारलं तर तो म्हणाला, ‘मला विचारू नका बाई, मी तेव्हा पेन्सिल बदलत होतो. दान लिहा. ऐकायला बरं वाटतं.’ तिनं विचारलं, का बरं वाटतं. तो म्हणाला, देणं म्हटलं की वसुली आली. एवढं बोलून तो आपल्या भागाकडे वळला. त्याच्या दोन्ही मुलांची शिक्षणं उरकली होती.

ध्वनिमुद्रणाची यंत्रं आल्यावर लघुलेखकांच्या कायमच्या जागा रद्द झाल्या होत्या. नऊ वर्षं ती वर्षावर्षाच्या करारावर होती. नवऱ्याचा लेथचा कारखाना बंद पडला तेव्हापासून तो एका दुकानसंकुलाच्या पार्किंगच्या फाटकावर बसे, आणि मायक्रॉनमध्ये मोजणारा माणूस आता दांडा वर करतो नि खाली करतो, हे तो स्वतःच विनोदानं सांगे. दुसऱ्या कोणी हसलेलं त्याला चालत नसे. या सगळ्यामुळे त्यांचं घर शुल्कमाफीच्या मर्यादेखाली आलं होतं. गरिबीचा हा एकच फायदा, असं मुलगी म्हणे. मुलीला विद्यापीठात हवामानशास्त्राला प्रवेश मिळाला होता. बाप म्हणाला होता, छत्री घ्यायची की नाही एवढं सांगायला पाच वर्षं? आणि मग त्यानं फाटकावरच्या सगळ्या ओळखीच्या गाडीवाल्यांना ते सांगितलं होतं. प्रवेशाच्या पत्राच्या तळाशी बारीक अक्षरात एक ओळ होती: शुल्कमाफीबाबतचा निर्णय समितीच्या अहवालाच्या अधीन राहील. शनिवारी संध्याकाळी पाचपर्यंत शुल्क किंवा माफीचा आदेश, दोहोंपैकी एक हजर करायचं. नाहीतर जागा पुढच्याला. घरात ती ओळ पहिल्यांदा वाचली गेली तेव्हा नवरा आणि मुलगी दोघांनीही तिच्याकडे पाहिलं. समिती म्हणजे तिचीच समिती. जणू ती तिथं लिहायला नाही, ठरवायला बसते. तिनं तेव्हा मान खाली घातली, कारण शिफारशींचे दोन्ही मसुदे तिनंच टाइप केले होते, गुप्ततेच्या कागदावर सही करून. पर्याय एक, माफी चालू ठेवावी. पर्याय दोन, शुल्क कुटुंबानं भरावं. दोन्हींची भाषा सारखीच गुळगुळीत होती. पण पृष्ठक्रमांक घालायला सांगितले होते फक्त दुसऱ्यावर.

हे तिला तीन आठवडे माहीत होतं. तीन आठवडे ती रात्रीच्या जेवणाला त्या दोघांसमोर बसली होती आणि मीठ पुढे केलं होतं. मुलगी ढगांबद्दल बोलायची. ढग तरंगत नाहीत, ते सतत पडत असतात, फक्त पोचत नाहीत. आई, ऐकतेयस ना? ऐकतेय. तिचा ऐकण्याचा धंदाच होता. ऐकता ऐकता टेबलाखाली तिचं बोट मांडीवर चालत राही. लोकांचं बोलणं बोटानं गुडघ्यावर उतरवायची सवय तिला क्लासच्या दिवसांपासून होती. लग्नात, दवाखान्यात, बसमध्ये. अर्थ नंतर लागे, आधी आकार. वडील वारले तेव्हा डॉक्टर काय म्हणाले ते तिला आजही शब्दांत आठवत नाही, रेघांत आठवतं.

वडिलांचं एक वाक्य मात्र शब्दांत आठवतं, कारण तेव्हा तिला लघुलिपी येत नव्हती. ‘एकाचंच होईल.’ ती अठरा वर्षांची होती, हातात गुणपत्रिका होती, आणि धाकटा भाऊ दारात उभा राहून पायाच्या अंगठ्यानं फरशीचा सांधा उकरत होता. वडील कठोर नव्हते. त्यांनी ते वाक्य तिच्याकडे न बघता, कपाटाच्या वरच्या फळीवर काहीतरी शोधत म्हटलं. ते काय शोधत होते हे पुढे कोणी विचारलं नाही. तिनं सहा महिन्यांचा लघुलेखनाचा क्लास केला, सातव्या महिन्यात ती नोकरीला लागली, आणि धाकटा विद्यापीठात गेला. पगाराच्या दुसऱ्या दिवशी ती पोस्टात रांग लावे. मनिऑर्डरच्या फॉर्मवर तळाशी दोन बोटं जागा असायची, निरोपासाठी. तिथं काय लिहायचं याचा विचार ती रांगेत करायची. ‘डोक्याला तेल लाव.’ ‘परीक्षा झाली की कळव.’ एकदा तिनं लिहिलं होतं, ‘तुमची लायब्ररी केवढी आहे ते लिही.’ त्याचं उत्तर आलं नाही. बहुधा फॉर्मचा तो भाग त्यानं पाहिलाच नसेल. पोरं सही करतात आणि पळतात. सुट्टीत तो घरी आला की जेवताना नवे नवे शब्द वापरायचा, आणि तिचं बोट ते मांडीवर उतरवायचं. अशानं तिचं थोडंफार शिक्षण झालंच, असं ती पुढे लोकांना हसून सांगे.

ते काय होतं, दान की देणं, असा प्रश्न तिला तेव्हा पडला नव्हता. घरात प्रश्नाला जागाच नव्हती, दोन खोल्या होत्या. आता वहीतल्या त्या केसभर अंतराकडे बघताना तिला वाटलं की आपलाही शब्द इतकी वर्षं असाच मध्ये अडकून राहिलाय. दान म्हटलं तर मागे वळून बघायचं नाही, दिलं, संपलं. देणं म्हटलं तर ते कोणाचं? वडिलांचं होतं आणि आपण फेडलं? की आता धाकट्याचं आहे? नवऱ्याला यात कोडं दिसत नसे. तो गेल्या महिन्यापासून म्हणत होता, ‘तुझ्या भावाला सांग. देणं लागतो तो. मी नाही म्हणत, सगळं जग म्हणेल.’ तिनं सांगितलं होतं की जगाला काही माहीत नाही. खरंच नव्हतं. मुलीनं एकदा विचारलं होतं, मामाच्या वेळी कोणी भरलं? तिनं कुकरची शिटी मोजत उत्तर दिलं होतं, आजोबांनी. खोटं बोलण्याचा विचार नव्हता. तोंडातून तेच सोपं निघालं. वडिलांचा फोटो भिंतीवर होता, आणि फोटोतल्या माणसाला काहीतरी करू द्यायला हवं होतं. आणि मुलीनं मामाकडे त्या नजरेनं बघू नये असंही होतं. कोणत्या नजरेनं, याचा तिनं पुढे विचार केला नाही.

धाकट्याचा आता शीतगृहांची यंत्रं बनवायचा कारखाना होता, दुसऱ्या शहरात. पाच वर्षांपूर्वी त्यानं वडिलांच्या नावानं शिक्षणनिधी काढला. उद्घाटनाला ती गेली होती, दुसऱ्या रांगेत भावजयीशेजारी बसली होती. व्यासपीठावर तो म्हणाला की आम्ही गरिबीतून वर आलो, माझ्या शिक्षणासाठी घरात सगळ्यांनी पोटाला चिमटा घेतला. तिच्या बोटानं गुडघ्यावर लिहिलं: सगळ्यांनी. टाळ्या झाल्या. भावजय वाकून म्हणाली, छान बोलतात ना हे. ती म्हणाली, लहानपणापासूनच. साडीवर काही उमटलं नव्हतं, तरी तिनं निरी झटकली.

साडेतीनला ती वही घेऊन अध्यक्षांच्या खोलीत गेली. संशयित शब्द अध्यक्षांना दाखवायचा, हा नियम होता. अध्यक्ष निवृत्त न्यायाधीश होते, चष्म्यावरून बघायचे आणि सगळ्यांना बाई किंवा साहेब म्हणायचे. तिनं अडचण सांगितली. साक्षीदारांना फोन करून विचारू का, असंही म्हणाली. त्यांचा नंबर तिनं कागदावर लिहून आणला होता. अध्यक्षांनी नकारार्थी मान हलवली. साक्षीदाराला विचारलं की तो साक्ष सुधारून देतो, हे त्यांनी न्यायालयात उभा जन्म पाहिलं होतं. मग त्यांनी वही घेतली, न कळणाऱ्या रेघांकडे कौतुकानं पाहिलं आणि विचारलं की नेमका फरक काय पडतो. तिनं तोंड उघडलं. फरक काय पडतो हे तिला व्यवस्थित माहीत होतं आणि सांगण्याजोगं त्यातलं एकही वाक्य तिचं नव्हतं. सगळी साक्षीदारांची होती, चार महिन्यांत तिनं स्वतःच्या हातानं उतरवलेली. लिहिणाऱ्यानं बोलायचं नसतं. हा नियम कुठं छापलेला नव्हता, म्हणून तो मोडताही येत नव्हता. ती म्हणाली, ‘देणं म्हटलं तर ते द्यावंच लागतं, साहेब. दान म्हटलं तर मर्जी.’

अध्यक्षांनी तिच्याकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं. ‘बाई, तुमचं मराठी चांगलं आहे.’ मग त्यांनी लाल पेन उघडलं, तिच्या टाइप केलेल्या कागदावरच्या रिकाम्या जागेत आपल्या सुबक अक्षरात लिहिलं: योगदान. ‘हे बघा. द-न पण आलं आणि कोणाला टोचतही नाही.’

ती बाहेर आली. व्हरांड्यात तिला हसू आलं, मोठ्यानं नव्हे, नाकातून. मग ते थांबलं. तिनं जागेवर येऊन योगदान टाइप केलं. एका शब्दानं मुलीची फी भरली जाणार नव्हती, हे तिला कळत होतं. पृष्ठक्रमांक कधीच पडले होते. तरी सकाळपासून तिनं त्या शब्दाला धरून ठेवलं होतं. निदान एक माणूस असं म्हणाला होता, हे कागदावर राहावं. आता तो माणूस असं म्हणालाच नव्हता.

गुरुवारी अहवाल गेला. संध्याकाळी आदेश आला, तोही तिच्याच यंत्रावर टाइप झाला: नव्या प्रवेशांना शुल्कमाफी नाही, गरजू विद्यार्थ्यांनी समाजातील दात्यांच्या योगदानातून चालणाऱ्या निधींकडे अर्ज करावेत. कोणीतरी साक्षीतला तो शब्द उचलून थेट आदेशात बसवला होता. घड्याळनं वाचून म्हटलं, बघा, तुमचा शब्द कामी आला. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. घरी नवऱ्यानं आदेश दोनदा वाचला आणि विचारलं, तू तिथंच होतीस ना? मुलगी म्हणाली, ‘बाबा, तिला कशाला? ती काय करणार?’ मुलीनं बाजूच घेतली होती, आणि तेच जास्त लागलं. मग मुलीनं शांतपणे आपला बेत सांगितला. हे वर्ष सोडायचं, मोबाइलच्या दुकानात जागा आहे, दुपारची पाळी, पुढच्या वर्षी बघू. ढग कुठं पळून जातायत, असं म्हणून ती हसली. तिचा आवाज ओळखीचा होता. आईनं तो आवाज ऐकला होता, आतून, अठराव्या वर्षी. त्यात रडं नसतं. त्यात फक्त घाई असते, दुसऱ्या कोणी नाही म्हणायच्या आत आपणच म्हणून टाकायची.

शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत तिनं धाकट्याला फोन लावला. जुन्या दप्तरांच्या खोलीत, जिथं दोन रॅकच्या मध्ये एक स्टूल असतं आणि कोणी येत नाही. तिनं मनात तयारी केली होती, तीन वाक्यं, वेगवेगळ्या क्रमानं. एकही लागलं नाही. धाकट्यानं अर्धं ऐकूनच म्हटलं, ‘अगं ताई, एवढंच ना? आधी नाही का सांगायचं? होऊन जाईल. आजच करून टाकू.’ ती स्टुलावर बसली. इतकं सोपं होतं. इतकी वर्षं आपण उगाच, असं काहीतरी मनात सुरू झालं आणि पूर्ण व्हायच्या आत तो पुढे बोलू लागला. कारखान्यातून किंवा स्वतःच्या खात्यातून आत्ता काही निघणार नव्हतं, नवं युनिट उभं राहत होतं, भावजयीच्या माहेरचे पैसेही त्यात होते. पण निधी होता, निधी कशासाठी आहे. फक्त रीतसर अर्ज लागेल. विश्वस्त पाच जण, त्यातले तीन बाहेरचे. आपल्या माणसाला देतोय असं दिसलं तर लोक बोलतात. ‘तेव्हा नातं लिहू नकोस. आडनाव वेगळं आहे, ते बरंच झालं. आणि भाषा जरा त्यांच्या निकषांत बसायला हवी. कागद आहे का हाताशी? मी सांगतो, तू लिहून घे.’

वही हातातच होती. तिनं फोन खांद्यात धरला, पेन्सिल काढली, पान उलटलं. हे सगळं हातानं केलं, तिनं नव्हे.

तो सांगू लागला. माननीय विश्वस्त, शिक्षणनिधी, यांसी. मध्ये त्यानं वडिलांचं पूर्ण नाव सांगितलं, अक्षर अक्षर सोडवून, जणू तिला चुकेल. मी एक कंत्राटी नोकरदार स्त्री असून. माझ्या पतींचा रोजगार गेलेला असून. तो फार सावकाश सांगत होता, एकेक शब्द सुटा, मिनिटाला चाळीसही नाही. धाकट्याला कधी तिचं काम बघायची वेळ आली नव्हती. प्रत्येक शब्दानंतर तो थांबे आणि ती लिहीत असल्याच्या समजुतीनं वाट बघे, आणि ती लिहून मोकळी झालेली असे. त्या फटींत खोलीतला कागदांचा वास येई, बाहेर कोणीतरी चालत गेल्याचा आवाज येई, धाकट्याच्या बाजूला लिफ्टचं दार उघडल्याचा. आपल्या निधीच्या उदार साहाय्याशिवाय. माझ्या मुलीचे शिक्षण. अशक्य आहे. ‘उदार घातलंस ना? त्यांना आवडतं.’ घातलं. पुढचं वाक्य महत्त्वाचं, तो म्हणाला, यावर वीस गुण आहेत.

‘आमच्या कुटुंबातून. विद्यापीठात. जाणारी. ती. पहिलीच.’

पेन्सिल थांबली नाही. पहिलीच लिहून झालं आणि मग तिनं विचारलं, ‘पहिली?’

‘म्हणजे तुमच्या घरातली गं. तुम्हा दोघांच्या. खरंच आहे ना ते?’

खरं होतं. नवरा गेला नव्हता, ती गेली नव्हती. साक्षीत टिकलं असतं. रेघ स्पष्ट होती, ओळीवर नीट टेकलेली, कुठंही संशय नाही. कोणीही लघुलेखक ते वाचू शकला असता. उद्या पाचपर्यंत चारशे पायऱ्या चढायच्या असत्या तरी ती चढली असती. इथं तर फक्त लिहायचं होतं.

‘झालं का लिहून?’ धाकट्यानं विचारलं. ‘घाईनं नको, मी थांबतो.’

‘पुढं सांग,’ ती म्हणाली.